विंचू चावल्याने माणूस का मरतो?



ज्याने जन्मात विंचू पाहिला नाही असा मनुष्य आमच्या शिरूर अनंतपाळच्या मुलखात सापडणे कठीण. १९९३ सालच्या सप्टेंबरअखेरीस झालेल्या भूकंपापूर्वी इकडची घरे बहुशः दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची आणि वर माळवद घातलेली अशी असत. त्या भिंतींच्या सांदीकोपऱ्यांतून, चुलीमागच्या गोवऱ्यांतून आणि शेतातील कडब्याच्या बनिमीखालून विंचू निघणे हा नित्याचाच प्रकार होता. वडील माणसे जोडा झाडल्यावाचून पायात घालीत नसत आणि अंथरूण झटकल्यावाचून मुलांना निजवीत नसत. एकनाथ महाराजांनी कामक्रोधांची तळमळ सांगण्यास भारूडात विंचूच योजला, त्याचेही कारण हेच असावे. ती कळ कशी असते हे ऐकणारास वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते.

तथापि विंचवाने केवळ कळ येते की माणूस दगावतोही, आणि दगावत असल्यास नेमका कशाने, हा प्रश्न आमच्यापैकी कोणी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. विष चढते आणि विष उतरते, एवढीच आमची भाषा होती. उतरविणारा मांत्रिक गावोगाव असे, आणि त्याला यश येई हेही खोटे नाही. मोठ्या काळ्या विंचवास, ज्याला आम्ही इंगळी म्हणतो, सारे जग भिते. परंतु त्याच्या दंशाने रात्रभर ठणका लागला तरी सकाळी मनुष्य बहुधा उठून कामास लागतो. जी कळ आपोआप उतरावयाचीच असते, ती उतरविल्याचे श्रेय घेण्यास मंत्र पुरेसा होतो. जीव घेणारा असतो तो बोटाएवढा तांबूस विंचू, आणि त्याच्यापुढे मात्र मंत्राचे काही चालत नाही.

ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. १९८५ सालच्या सुगीत, मी नुकताच नोकरीस लागलेला मास्तर असताना, आमच्याकडील एका वाडीत चौथीतील एका मुलीला ज्वारीच्या पेंढ्या उचलताना तांबडा विंचू डसला. दिवेलागणीची वेळ होती. मांत्रिक आला, त्याने राख फुंकली, आणि घटकाभरात मुलीची कळ खरोखरच कमी झाली. सर्वांना हायसे वाटले. पुढे तिला वांत्या सुरू झाल्या, अंगातून घाम निथळू लागला, आणि हातपाय गार पडले. थंडी वाजत असेल असे समजून मी माझी घोंगडी तिच्या अंगावर घातली. मध्यरात्रीनंतर तिला श्वास घेववेना. छातीत घरघर लागली आणि तोंडाशी फेस आला. बैलगाडी जुंपून आम्ही सडकेपर्यंत पोहोचलो, त्यापूर्वीच ती गेली होती. विष काळजाला भिडले, असे लोक म्हणाले, आणि आम्ही परत फिरलो.

लोकांचे ते बोलणे किती बरोबर होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. माझा एक जुना विद्यार्थी आज डॉक्टर आहे. त्याने इंग्रजी कागद पुढ्यात ठेवून मला हा सर्व इतिहास समजावून दिला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. त्यातील जेवढे मला उमगले तेवढेच येथे सांगतो.

रोगाने मनुष्य मेला, एवढे म्हणून वैद्यकशास्त्राचे भागत नाही. आधी काय बंद पडले, हृदय की श्वास, हे ठरल्यावाचून उपाय कशावर करावयाचा तेच ठरत नाही. आमचा मुलूख ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यात असा एक वाद जगप्रसिद्ध झाला होता. शस्त्रक्रियेपूर्वी क्लोरोफॉर्म दिलेले काही रोगी टेबलावरच मरत. हैदराबादेचे डॉ. एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे की, आधी श्वास थांबतो. तेव्हा श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे. लंडनचे प्रख्यात वैद्यकीय साप्ताहिक लान्सेट यास हे पटेना. तेव्हा १८८९ साली निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, लान्सेटने डॉ. लॉडर ब्रंटन यांना हैदराबादेस धाडले, आणि शेकडो जनावरांवर प्रयोग होऊन निकाल लॉरीसाहेबांच्या बाजूने लागला. गंमत अशी की तो निकाल पुरा पडला नाही. १९११ साली लेव्ही नावाच्या इंग्रज संशोधकाने मांजरांवर प्रयोग करून दाखविले की क्लोरोफॉर्म हलका असताना हृदयच फडफडून एकाएकी थांबू शकते. सरकारी खजिना, मोठी नावे आणि शेकडो जनावरे यांनी जो प्रश्न सुटला असे वाटले, तो बावीस वर्षांनी पुन्हा उघडावा लागला. विंचवाच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले. तेथे ना खजिना होता, ना मोठे नाव.

अर्थात अभ्यासास आरंभ पूर्वीच झाला होता. मुंबईस परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी जी प्रयोगशाळा निघाली, तिलाच पुढे हाफकीन संस्था हे नाव मिळाले. तेथील फादर कायुस आणि डॉ. कृष्ण श्रीपाद म्हसकर यांनी १९३२ साली भारतातील विंचवांविषयी एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. याच जोडीने सर्पदंशावर आणि विंचूदंशावर रामबाण म्हणून नावाजलेल्या पुष्कळ देशी वनस्पतीही पारखून पाहिल्या; विषावर उतारा म्हणून त्यांचा उपयोग होत नाही असे त्यांना आढळले. आमच्यातील कित्येकांना हे ऐकून आजही वाईट वाटेल, परंतु परीक्षा घेणाराने निकाल लपवू नये, असे मास्तर या नात्याने मला वाटते.

पुढे १९६१ साली डॉ. मुंडले यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विंचूदंशाविषयी एक छोटे पत्र छापले. या दंशानंतर रोग्याच्या फुफ्फुसात पाणी भरते, ही गोष्ट तेव्हापासून वैद्यकाच्या कागदोपत्री आली. तिकडे इस्राएलमध्ये डॉ. गेरॉन यांनी आपल्याकडील पिवळ्या विंचवाच्या रोग्यांची तपासणी करून १९६७ साली असे मांडले की, खरा तडाखा हृदयाला बसतो. एवढी सामग्री ग्रंथालयांत पडून होती. आमच्या खेड्यांत मात्र विष चढत होते आणि उतरत होते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. मराठवाड्यातच भोकरदन तालुक्यात देहेड म्हणून एक गाव आहे. तेथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी १९५१ साली हिम्मतराव बावस्कर यांचा जन्म झाला. कष्टात शिकून ते नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि १९७६ साली कोकणात महाडजवळ बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. रायगड जिल्ह्यास तेव्हा कुलाबा जिल्हा म्हणत. वय पंचविशीचे, हाती तुटपुंजी साधने, आणि भोवती भातशेतीचा डोंगराळ मुलूख. पेंढा उचलताना, लाकडे वेचताना विंचू डसलेली माणसे तेथे येत, आणि त्यांतील लहान मुले डोळ्यांदेखत मरत. रूढ उपचार करूनही ती मरत, ही गोष्ट या तरुण डॉक्टरच्या मनास लागली.

त्यांनी जे केले ते ऐकावयास फारच साधे आहे. ते रोग्याच्या उशाशी बसून राहिले. नाडी किती, रक्तदाब किती, वांती केव्हा झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा गार पडले, श्वास केव्हा लागला, हे रात्ररात्र जागून त्यांनी टिपले. एका रोग्यावरून काही कळत नाही. परंतु तीच घटना त्याच क्रमाने अनेकांत घडताना दिसली की तो क्रमच बोलू लागतो. मृत्यू जरी पहाटे येत असला तरी त्याची वर्दी संध्याकाळीच मिळालेली असते, हे त्यांच्या लक्षात आले. वांती, भरपूर घाम, तोंडास सुटणारी लाळ, पुरुषरोग्यात जननेंद्रियाचा ताठरपणा, आणि मग गार पडणारे हातपाय ही ती वर्दी होय. नुसती आणि जबर कळ असेल तर भिण्याचे कारण थोडे. ही चिन्हे दिसली तर कळ असो वा नसो, जीव धोक्यात आहे असे समजावे.

हे त्यांनी वहीत ठेवले नाही. १९७७ साली, सव्विसाव्या वर्षाच्या आत-बाहेर असताना, विंचूदंश आणि हृदय यांविषयी त्यांचे एक टिपण इंडियन हार्ट जर्नलमध्ये आले. १९८२ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तांबड्या विंचवाच्या दंशातील या पूर्वचिन्हांवरील त्यांचा लेख लान्सेटने छापला. ज्या लान्सेटने एकेकाळी आपला माणूस हैदराबादेस पाठविला होता त्याच लान्सेटने. सिकंदराबादेस १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधणाऱ्या रोनाल्ड रॉस यांना लंडनमध्ये मॅन्सनसारखा जाणता गुरू होता, आणि दोघांचा पत्रव्यवहार अखंड चालत असे. बिरवाडीच्या डॉक्टरला जगाशी बोलण्यास पोस्टाची पेटी तेवढी होती.

आता विष शरीरात काय करते ते सांगितले पाहिजे, नाही तर पुढील उपायाची कल्पना येणार नाही. हृदय, आतडी, घामाच्या ग्रंथी ही सर्व आपल्या इच्छेवाचून चालतात. त्यांना दोन कासरे आहेत. एक मंद करणारा आणि एक पळविणारा. मज्जातंतूंच्या पेशींना सोडियमसाठी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात व मिटतात, आणि निरोप पुढे जातो. तांबड्या विंचवाचे विष ती दारे मिटूच देत नाही, म्हणून दोन्ही कासरे एकदम ओढले जातात. प्रथम पहिल्याचा जोर असतो. त्यामुळे वांती, घाम आणि लाळ. नंतर दुसऱ्याचा जोर होतो. ॲड्रिनालिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये रक्तात लोटतात, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून जातात, म्हणून ते गार पडतात, आणि रक्तदाब चढतो.

ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना पुढचे सहज समजेल. पाटाचे तोंड आवळून टाकले आणि बैल मात्र दुप्पट वेगाने हाकले, तर पाणी थारोळ्यातून उलटून भलतीकडे फुटणारच. हृदय आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलीत राहते, थकते, आणि मागे तुंबलेले पाणी फुफ्फुसात झिरपते. रोगी कोरड्या जमिनीवर, आपल्याच छातीतील पाण्यात बुडून मरतो. त्या रात्री जी घरघर मी ऐकली ती हीच.

हे एकदा कळल्यावर जुने उपचार का फसत होते तेही कळले. ॲट्रोपिनने घाम आणि लाळ थांबे, परंतु आधीच धावणारे हृदय अधिक धावू लागे. गुंगीच्या औषधांनी रोगी शांत दिसे, आतली झुंज तशीच चाले. पाहिजे होते ते पाटाचे तोंड मोकळे करणारे औषध. नायट्रोप्रुसाइड नावाचे एक औषध हे काम करते. परंतु ते शिरेतून थेंब-थेंब द्यावे लागते आणि क्षणोक्षणी रक्तदाब पाहावा लागतो. मोठ्या रुग्णालयात हे शोभेल, खेड्यातील दवाखान्यात नव्हे. डॉ. बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात पुढील शिक्षण घेतले, ते पुन्हा महाडकडे आले, आणि १९८४ पासून त्यांनी प्राझोसिन नावाची गोळी वापरण्यास आरंभ केला. ही गोळी वास्तविक वाढलेल्या रक्तदाबावरची, स्वस्त आणि तोंडाने घ्यावयाची. रक्तवाहिन्या ज्या ठिकाणी ॲड्रिनालिनचा हुकूम ऐकतात, ते कान ती बंद करते. वाहिन्या सैलावतात, हृदयावरचा भार उतरतो. ती विषावरचा उतारा नव्हे. विषाने माजविलेल्या उत्पातावरचा उपाय आहे. येथे एक गोष्ट बजावून सांगतो, की ही गोळी डॉक्टरांनीच द्यावयाची असते. तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून रोग्यास निजवून ठेवावे लागते. कोणी घरात आणून ठेवण्याच्या भरीस पडू नये.

१९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी हा अनुभव लान्सेटमध्ये प्रसिद्ध केला. प्राझोसिनपूर्वी, म्हणजे १९६१ ते १९८३ या काळात, जबर दंश झालेल्यांपैकी शंभरांत २५ ते ३० दगावत. १९८४ नंतर हे प्रमाण शंभरांत एकाच्याही खाली आले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. पुढे पाँडिचेरीच्या जिपमर रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी ही पद्धत वापरून आपले अनुभव छापले. तुर्कस्तानातील डॉक्टरांनीही तिच्यावर लिहिले. एखादी गोष्ट खरी की खोटी हे तिचा शोध लावणाऱ्याच्या शब्दावर ठरत नाही, परक्या ठिकाणी परक्या माणसाने करून पाहिल्यावर ठरते; आणि त्यासाठी ती आधी परक्याच्या हाती पडावी लागते. महाडचे चवदार तळे १९२७ च्या सत्याग्रहामुळे साऱ्या देशाला ठाऊक झाले. त्याच महाडचे नाव विंचवामुळे परदेशीच्या वैद्यकीय मासिकांत जावे, हा योग मला मोठा कौतुकाचा वाटतो.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. हाफकीन संस्थेतील संशोधकांनी तांबड्या विंचवाच्या विषावर प्रभावी प्रतिविष लस तयार केल्याचे १९९८ साली प्रसिद्ध केले. कायुस आणि म्हसकर यांच्या निबंधानंतर सहासष्ट वर्षांनी. आता प्रश्न असा आला की, लस द्यावी की गोळी? ज्याने गोळीने नाव मिळविले तो मनुष्य गोळीचीच बाजू घेईल, असे कोणासही वाटेल. परंतु बावस्कर पतिपत्नींनी महाडास सत्तर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन भाग केले. पस्तिसांना नुसती गोळी दिली, पस्तिसांना गोळीबरोबर लस दिली. दहा तासांच्या शेवटी लस मिळालेल्यांपैकी बत्तीस पूर्ण बरे झाले होते, नुसत्या गोळीवाल्यांपैकी आठ. हा निकाल २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी स्वतःच छापला. माझ्या मते त्यांच्या सर्व कामांत हे अधिक थोर आहे. आपल्या हातच्या उपायापेक्षा दुसरा उपाय सरस ठरला, हे आपल्याच मोजणीने जगाला सांगावयास मोठे मन लागते.

जाता जाता एक नवल सांगतो. १९९० साली याच तांबड्या विंचवाच्या विषातून परदेशी शास्त्रज्ञांनी आयबेरियोटॉक्सिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते पेशींतील पोटॅशियमची एक विशिष्ट जातीची दारे तेवढी बंद करते. म्हणून शरीरातील सूक्ष्म व्यवहार तपासण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा ते किल्लीसारखे वापरतात. आमच्या गोवऱ्यांखालचा प्राणी असा कोठवर जाऊन पोहोचला!

२०२२ साली डॉ. बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा भोकरदनचा माणूस म्हणून मराठवाड्यात आनंद झाला. मलाही झाला. त्याच सुमारास माझ्या त्या विद्यार्थ्याने मला १९८२ सालच्या लेखाची गोष्ट सांगितली आणि त्यातील चिन्हे एकेक करून मराठीत सांगितली. मी मधेच त्याला थांबविले व साल पुन्हा विचारले. १९८२, तो म्हणाला. आमच्या वाडीतील सुगीच्या तीन वर्षे आधी ती चिन्हे छापली गेली होती, आणि महाडास गोळी सुरू होऊनही एक वर्ष होऊन गेले होते. महाड काही विलायतेत नाही. परंतु लंडनहून तुर्कस्तानापर्यंत जाणारा कागद आमच्या वाडीपर्यंत येण्यास वाट नव्हती. आमच्यापैकी कोणास ती माहिती पुढेही कित्येक वर्षे नव्हती.

त्यानंतर मी शाळेतील माझ्या जागी आलेल्या गुरुजींना विनंती करून सुगीच्या दिवसांत ती चिन्हे फळ्यावर लिहवून घेतो. ती अशी : वांती, घाम, लाळ, गार हातपाय. मुले ती वहीत उतरवून घेतात आणि घरी जाऊन वाचून दाखवितात. यांपैकी लाळेकडे माझे त्या रात्री लक्ष गेले नव्हते. बाकी तिन्ही मी पाहिली होती, आणि गार हातांवर घोंगडी मीच घातली होती.